कुंडीतील बालरोपे आणि गोगलगाय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान वकील, नामांकित वैद्य आणि यशस्वी उद्योजक यांनी आपणांस चार हिताच्या गोष्टी सांगितल्या आहेत. शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवरसूचन असे भारदस्त विषय येथे चर्चिले गेले आहेत. त्या पंक्तीत आमच्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या आणि उभा जन्म खडू-फळ्याच्या संगतीत काढलेल्या शिक्षकाने उठून गोगलगाईवर बोलावे, हे पाहून काही चेहऱ्यांवर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. त्याचा आम्हांस मुळीच विषाद वाटत नाही. वर्गात मुले हसली म्हणजे ती निदान जागी आहेत एवढी तरी खात्री पटते, हा आमचा जुना अनुभव आहे.

तथापि विषय आम्ही उगाच निवडलेला नाही. गतवर्षीच्या माघातील मेळाव्यात मंडळाने प्रत्येक कुटुंबास एकेक लहान रोप भेट दिले होते. कोणास शेवंती, कोणास अबोली, तर कोणास गवती चहा. यंदा येथे येण्यापूर्वी आम्ही ओळखीच्या घरांतून सहज चौकशी केली, की रोप कसे आहे? बहुतेकांकडून एकच उत्तर आले, “गुरुजी, ते पावसाळ्यात गेले.” जणू पावसाळा हा पटकीसारखा एखादा रोगच! ज्या पावसावर सारी सृष्टी जगते त्या पावसात नेमके आपल्या दारचे रोप मरावे, हे चमत्कारिक नव्हे काय? आमचे म्हणणे असे, की ती रोपे पावसाने गेली नाहीत. ती दोन कारणांनी गेली. एक, त्यांचे बालपण आपण ओळखले नाही. आणि दोन, रात्री त्यांच्याकडे कोण येऊन जाते ते आपण पाहिले नाही.

प्रथम ही रोपे कोणत्या जातीची, ते सांगणे अवश्य आहे. झेंडू किंवा तेरडा एका हंगामात उगवतो, फुलतो, बी धरतो आणि संपतो. त्यांना वर्षायू म्हणतात. शेवंती, अबोली, मोगरा, गवती चहा ही बहुवर्षायू होत. नीट सांभाळल्यास ती वर्षानुवर्षे राहतात. त्यांतही शेवंतीची गोष्ट विशेष आहे. शेवंतीचे बी पेरले तर आईसारखेच फूल येईल याचा भरवसा नसतो. तोच रंग आणि तोच आकार हवा असेल, तर बुडाशी फुटणाऱ्या काश्या वेगळ्या करून लावाव्या लागतात, अथवा शेंड्याची कलमे करावी लागतात. म्हणजे आपल्या आजीने ज्या झाडाची फुले देवास वाहिली, त्याचाच देह काश्यांच्या रूपाने आपल्या कुंडीत पुढे चालू असतो. तो एकदा तुटला की बाजारातून दुसरी शेवंती आणता येते, परंतु ती शेवंती परत आणता येत नाही.

हे ज्ञान आम्हांस पुस्तकाने दिले नाही, नुकसानीने दिले. आमच्या मातोश्रींनी लग्न होऊन आमच्या कोकणातल्या घरी येताना माहेरची एक शेवंती आणली होती. फूल लहान, गुंडीएवढे, गर्द पिवळे. दिसण्यात काही अपूर्वाई नव्हती, परंतु मार्गशीर्षातील गुरुवारी देव्हाऱ्यापुढे त्याच फुलांची रास पडावयाची, हा घरचा नेम होता. मातोश्रींना वार्धक्य आले तेव्हा शेवंतीचा कारभार आमच्या हाती आला. २०११ च्या फाल्गुनात आम्ही मोठ्या हौसेने २१ काश्या सोडवून लहान कुंड्यांत लावल्या. उन्हाळा त्यांनी सुखरूप काढला. मृग लागताच त्या कुंड्या आम्ही पडवीच्या कडेला जमिनीवर एकीला एक चिकटवून ओळीने मांडल्या. वर्गातली मुले बसवावी तशी. दिसत होत्या मोठ्या देखण्या.

आषाढातील एका सकाळी पाहतो तो चार रोपे बुडापासून छाटलेली. दुसऱ्या दिवशी तीन. पानांना भोके आणि कुंडीच्या काठावर चंदेरी चकाकणारी रेघ. ती रेघ पाहून चोर कोण ते उमगले, आणि आम्ही रागाच्या भरात घरातील मिठाचा डबा उचलला. लहानपणी सारे करतात तेच केले. दिसेल त्या गोगलगाईवर, तिच्या वाटेवर, कुंडीच्या काठावर आणि कुंडीतल्या मातीवरही मूठमूठ मीठ टाकले. गोगलगाई मेल्या, यात संशय नाही. परंतु रात्रीच्या सरीने ते मीठ विरघळून मुळांशी गेले आणि आठ दिवसांत उरलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. श्रावण संपण्यापूर्वी २१ पैकी एकही रोप उरले नाही. मातोश्री ओसरीवर बसून सर्व पाहत होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अरे, मीठ तू गोगलगाईला घातलेस, की माझ्या झाडाला?” वर्गात हजारो प्रश्न विचारलेल्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्या वर्षी मार्गशीर्षात देव्हाऱ्यापुढे बाजारची फुले ठेवावी लागली.

शेवंती पुढे परत कशी मिळाली ते शेवटी सांगू. आधी त्या अपयशातून जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

पहिला धडा कुंडीचा. लहान रोप मिळाले, की बहुतेक मंडळी ते घरातल्या सर्वांत मोठ्या कुंडीत लावतात. हेतू उदार असतो, की बिचाऱ्याला वाढावयास भरपूर जागा मिळो. परंतु पहिलीच्या मुलाला वडिलांचा सदरा घातला तर तो त्यात वाढत नाही, अडखळून पडतो. रोपाचे मूळ चिमूटभर आणि माती घमेलेभर असली, म्हणजे त्या मातीतील पाणी शोषून घ्यावयास मूळच नसते. माती दिवसचे दिवस चिंब राहते, तिच्यात हवा खेळत नाही, आणि मूळ कुजते. म्हणून काशी प्रथम तीन-चार इंची कुंडीतच लावावी. तळच्या छिद्रातून मुळे डोकावू लागली, की मातीवर पंजा ठेवून कुंडी उलटी करावी आणि काठ हलकेच ठोकावा. मुळांनी वेढलेला मातीचा गोळा अखंड बाहेर आला, तर रोप पुढल्या इयत्तेस पात्र झाले असे समजावे. माती भुरभुरून पडली, तर आणखी पंधरवडा थांबावे. मग सहा इंची, आणि त्यानंतर आठ किंवा दहा इंची कुंडी. इयत्ता गाळून वर चढवलेले मूल आणि कुंडी गाळून वाढवलेले रोप, दोहोंचीही गत आम्ही पाहिली आहे.

मातीविषयी फार सूक्ष्म हिशेब नको. एक भाग आपली तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू अथवा नारळाचा भुसा. तळच्या छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा घालावा, म्हणजे पाणी वाहून जाते आणि माती राहते. शेणखत कच्चे असू नये. कच्च्या खतात उष्णता असते, आणि किडीही त्यातच घर करतात. रोप मूळ धरून सहा इंच उंच झाले, की त्याचा शेंडा खुडावा. खुडताना हात थरथरतो हे खरे. परंतु शेंडा खुडल्यावाचून बाजूचे डोळे फुटत नाहीत आणि झाडास भरगच्चपणा येत नाही. तीन-चार आठवड्यांनी एकदा पुन्हा खुडावा आणि श्रावणाच्या सुमारास हा उद्योग थांबवावा, कारण पुढे कळ्या धरावयाच्या असतात.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण शहरातील सभासदांची तशी तक्रार असते, की झाड हिरवेगार आहे परंतु फूल येत नाही. शेवंती रात्रीची लांबी मोजते. दिवसाच्या मानाचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून १९२० साली जगापुढे मांडला. शेवंती ही लांब रात्र मिळाली की कळी धरणाऱ्यांपैकी आहे. रस्त्यावरच्या दिव्याचा लख्ख उजेड रात्रभर कुंडीवर पडत असेल, तर तिला रात्र लांबल्याचे कळत नाही. अशा वेळी खत न वाढवता कुंडीची जागा बदलावी.

दुसरा धडा शत्रूच्या ओळखीचा. आपल्या भाषेत कोणी वरून गरीब आणि आतून कारस्थानी असला, तर त्यास ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असे म्हणतात. गंमत अशी, की प्राणिशास्त्रानेही गोगलगाईच्या वर्गास जे नाव दिले त्याचा अर्थ ‘उदरपाद’, म्हणजे पोटच ज्यांचे पाय आहे ते, असाच आहे. आपल्या आयाबायांनी आणि पाश्चात्त्य पंडितांनी एकच निरीक्षण केले. फरक इतकाच, की आपण त्याची म्हण केली आणि त्यांनी वर्गीकरण केले.

गोगलगाय दोन प्रकारची. पाठीवर शंख असलेली ती शंखी, आणि शंखावाचूनची ती उघडी. कुंडीतील रोपांवर दोन्हीही येतात, परंतु उघडी अधिक कपटी, कारण तिला शंखाची अडचण नसल्यामुळे ती कुंडीच्या तळाखालच्या फटीत, छिद्रात आणि विटेच्या सांध्यात सहज दडते. काळपट, चपटी आणि पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली जी गोगलगाय आपल्या परसात दिसते, तिचे मूळ आफ्रिकेतले आहे. मोठ्या शंखाची गोगलगायही आफ्रिकेचीच. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून आणून ती कलकत्त्यात सोडली. त्या एका हौशीचे फळ म्हणून, पावणेदोनशे वर्षांनंतर २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची सोयाबीनची कोवळी रोपे शंखी गोगलगाईंनी फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. आपल्या कुंडीतील हानी ही हौसेची हानी आहे, त्यांची पोटाची होती, एवढे भान ठेवून आपण पुढे जाऊ.

या प्राण्यास दात नाहीत अशी समजूत असते. वस्तुतः त्याच्या जिभेवर कानशीसारखे हजारो सूक्ष्म दात असतात आणि तिने तो पान खरवडून खातो. म्हणून कोवळे रोप एका रात्रीत नाहीसे होते, तर जून झालेल्या देठाकडे तो फारसा वळत नाही. हे ध्यानी घेतले म्हणजे रोपाचे संकट आयुष्यभराचे नसून बालपणापुरते आहे, हे कळते. देठ टणक होईपर्यंत दोन-तीन महिने राखण केली, की पुढे झाड स्वतःला सांभाळते.

त्याची दुसरी खूण अशी, की त्याच्या अंगात बहुतेक पाणीच असते, आणि चालताना चिकट स्राव सोडण्यात ते सतत खर्च होते. म्हणून ऊन आणि कोरडी हवा हे त्याचे मरण होय. तो रात्री निघतो, पावसात निघतो, आणि दिवसा ओलसर अंधाऱ्या जागी दडतो. तिसरी खूण, प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असते. त्यामुळे जोडीतील दोघीही अंडी घालू शकतात. ओल्या मातीत, कुंडीच्या बुडाशी साबुदाण्यासारखे पुंजके दिसले तर ती अंडी समजावी आणि तत्काळ नष्ट करावी.

तिसरा धडा जागेचा. आमच्या २१ कुंड्या जमिनीवर एकमेकींना चिकटवून मांडल्या होत्या, म्हणजे आम्ही चोरासाठी धर्मशाळा बांधली होती. कुंडीखालची ओल, दोन कुंड्यांमधला अंधार आणि वर कोवळा पाला. आणखी काय हवे? आता आम्ही शाळेतून मोडीत निघालेला एक लाकडी बाक विकत घेऊन त्यावर लहान कुंड्या ठेवतो. बाकाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत असतात. मुंग्या लागू नयेत म्हणून आपल्या आज्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवीत, तीच ही युक्ती. मात्र ते पाणी दर चार दिवसांनी ओतून टाकून नवे भरावे, नाहीतर गोगलगाय टळते आणि डासांची पैदास होते. बाक भिंतीस टेकू देऊ नये. झाडाचे एक पान भिंतीस लागले तरी तो पूल ठरतो, आणि त्या पुलावरून शत्रू येतो. कुंड्या पागोळ्यांखालीही ठेवू नयेत. पागोळीच्या धारेने माती उडून मुळे उघडी पडतात. ज्यांच्याकडे बाक नाही त्यांनी कुंडी निदान तीन दगडांवर उचलून ठेवावी आणि दर आठवड्यास उचलून तिचा तळ पाहावा. उघडीप असता पाणी घालावे लागले, तर ते सकाळी घालावे. संध्याकाळचे पाणी म्हणजे रात्रीच्या पाहुण्यासाठी केलेला सडा होय.

चौथा धडा राखणीचा. आम्ही अनेक उपाय करून पाहिले आणि शेवटी दोनच टिकले. पहिला उपाय कंदील किंवा विजेरी, चिमटा आणि साबणाच्या पाण्याची बादली. दिवेलागणीनंतर दोन तासांनी निघावे, पानांच्या खालची बाजू आणि कुंडीचा काठ पाहावा, दिसेल ती गोगलगाय चिमट्याने उचलून बादलीत टाकावी. पुढल्या पावसाळ्याच्या आरंभी आम्ही पहिल्या रात्री ४१ वेचल्या आणि दहाव्या रात्री ७. मृगाच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम नेटाने केले, म्हणजे त्यांची अंडी घालण्याआधीच संख्या घटते. श्रावणात जागे होणाऱ्यास दसपट काम पडते.

दुसरा उपाय गोणपाटाचा. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी बाकाजवळ जमिनीवर अंथरावे. वासाने आणि ओलाव्याने गोगलगाई त्याखाली जमतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी गोणपाट उलटून त्या गोळा कराव्यात आणि बादलीत टाकाव्यात. शेतकऱ्यांसही कृषी खाते हाच उपाय सांगते. मीठ वापरावयाचेच असेल, तर ते बादलीत वापरावे, कुंडीत कदापि नाही.

माताभगिनींना आणि विशेषतः मुलांना एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. गोगलगाय उघड्या हाताने धरू नये. उंदराच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीच्या अळ्या तिच्या अंगात असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येऊ शकते. म्हणून चिमटा किंवा हातमोजा वापरावा, नंतर साबणाने हात धुवावेत, आणि परसातील पालेभाजी व कच्ची खावयाची पाने नीट निरखून, धुऊन घ्यावीत.

आता जे उपाय सांगितले जातात परंतु भरवशाचे नाहीत, त्यांविषयी. अंड्याची टरफले, राख, खडी, तांब्याची पट्टी असे कुंपण कुंडीभोवती करावे असे पुष्कळजण सांगतात. इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या प्रसिद्ध संस्थेने २०१८ मध्ये तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्याची टरफले यांची कोवळ्या भाजीच्या रोपांवर परीक्षा केली. कुंपण घातलेल्या आणि न घातलेल्या रोपांच्या नुकसानीत त्यांना फरक आढळला नाही. राखेचे म्हणाल, तर ती कोरडी असेतोवर काम देते. परंतु कोकणातल्या आषाढात राख कोरडी किती वेळ राहणार? एका सरीपुरती!

राहिले विष. बाजारात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. त्यांनी गोगलगाय मरते हे खरे, परंतु त्या गोळ्या कुत्र्या-मांजरांनी खाल्ल्यास त्यांच्याही जिवावर बेततात. ब्रिटनमध्ये २०२२ पासून त्यांच्या उघड्यावरील वापरास बंदी आहे. ज्या दारात मुले रांगतात, कोंबड्या चरतात आणि शेजाऱ्याचे मांजर येऊन बसते, त्या दारात एका कुंडीपायी विष पसरावे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा. हाताने वेचून भागते तेथे विषाची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे शेत एकरात असते आणि त्याने कृषी खात्याच्या सल्ल्याने काय ते करावे.

विषाविरुद्ध आणखी एक कारण आहे. गोगलगाईचे शत्रू आपल्याच आवारात राहतात. बेडूक आणि भारद्वाज पक्षी तिला खातात. आणि ज्येष्ठात ज्या काजव्यांच्या झगमगाटाने आपली झाडे उजळतात, त्यांच्या अळ्या जमिनीवर गोगलगाईंवरच जगतात. काजवा पाहून आपण मुलांना अंगणात बोलावतो, परंतु तो आपल्या शेवंतीचा राखणदार आहे हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले. विष पसरणारा माणूस चोराबरोबर राखणदारासही मारतो.

आता शेवंती परत कशी मिळाली ते सांगतो. २०११ च्या त्या पावसाळ्यानंतर आम्ही आशा सोडली होती. पुढच्या माघात मुंबईहून आमच्या आक्का माहेरी आल्या. त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार काश्या होत्या. बारा-तेरा वर्षांपूर्वी मातोश्रींनी त्यांना एक लहान कुंडी दिली होती. तिसऱ्या मजल्यावरील खिडकीच्या गजांत ती वाढली, जेथे गोगलगाय कधी पोहोचली नाही. आक्कांनी ती तीच शेवंती म्हणून सांभाळली होती, आणि आमच्या घरी ती नष्ट झाल्याचे त्यांना ठाऊकही नव्हते. मातोश्रींनी त्या काश्या ओंजळीत घेतल्या आणि आम्हांस हाक मारून म्हणाल्या, “बघ, दिले तेवढेच राहिले.”

बंधुभगिनींनो, बाक, पाण्याचे डबे, गोणपाट आणि विजेरी हे सारे उपाय आम्ही आपणांस मनापासून सांगितले. परंतु सर्वांत पक्का उपाय मातोश्रींच्या त्या चार शब्दांत आहे. बहुवर्षायू झाडाचे खरे रक्षण एका घरात होत नाही. कितीही जपले तरी एका रात्रीचा दुर्लक्षपणा, एका माणसाची चूक किंवा एका मुठीचे मीठ त्यास पुरते. तेच झाड चार घरांत असेल, तर एका घरचे गेले तरी तीन घरचे उरते.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी, की यापुढे माघातील मेळाव्यास येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या जुन्या झाडाच्या दोन लहान कुंड्या आणाव्यात आणि दुसऱ्या कुटुंबाच्या दोन घेऊन जाव्यात. ज्यांचा जिन्यावरचा कोपरा किंवा खिडकीच अंगण आहे, त्यांनी संकोच करू नये. आमची शेवंती खिडकीनेच राखली. मंडळाने एक साधी वही ठेवावी आणि कोणाकडे कोणाच्या घरची शेवंती वा अबोली आहे याची नोंद करावी. वंशावळी आपण छापतोच. ही वहीसुद्धा एका प्रकारची वंशावळच होईल. मात्र देताना एक पथ्य पाळावे. रोप देण्यापूर्वी कुंडीचा तळ तपासावा, मुळे स्वच्छ पाण्यात धुवावीत आणि नव्या मातीत लावूनच द्यावे. बेन्सनसाहेबांनी कलकत्त्यात जे केले, ते आपण एकमेकांच्या दारी करू नये. झाड द्यावे, त्याबरोबर गोगलगाईची अंडी देऊ नयेत.

आज आम्ही येताना आमच्या पिवळ्या शेवंतीच्या काश्या लहान कुंड्यांत लावून आणल्या आहेत. त्या सभामंडपाच्या दाराशी बाकावर ठेवल्या आहेत. मुळे धुतलेली आहेत, तळ तपासलेले आहेत. मातोश्री आता नाहीत. गेल्या मार्गशीर्षात देव्हाऱ्यापुढे तीच फुले होती, आणि आज जी घरे या कुंड्या नेतील त्यांच्याही देव्हाऱ्यापुढे ती पुढल्या मार्गशीर्षात असावीत, एवढी आमची इच्छा आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी जाताना घेऊन जावीत; आणि आमच्याकडच्या पुन्हा कधी गेल्याच, तर आम्ही आपल्या दारी मागावयास येऊ, तेव्हा नाही म्हणू नये.